जे टेबल त्यांचे नव्हते

होडीच्या आकाराचा एक काळा डाग.

साडेचार मिनिटे.

लाल मखमली दोरी, दोन पितळी खांब. त्यातला एक डगमगता.

गार्डसाहेबांची पांढरी पँट, उजवा पाय.

दाराखाली रबरी पट्टी, धूळ येऊ नये म्हणून.

निळी स्लीपर आली. तिच्यामागे काळे बूट आले.

तीन-दहाची चोपडा गाडी.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. वरच्या सात गोष्टी एकाच खोलीतल्या आहेत. त्या तिथे कशा जमल्या ते सांगतो. सांगताना मागेपुढे झालो तर सांभाळून घ्या. मला चार पाय आहेत, पण चालायची सवय नाही.

पाटी क्रमांक एक

माझ्यासमोर एक पितळी पाटी होती. तिच्यावर लिहिले होते : 'लेखकाचे टेबल. सागवान. याच टेबलावर तोताराम बडगुजर यांनी आपली सातही पुस्तके लिहिली.'

त्यातला एकच शब्द खरा होता. सागवान. तोही पायांपुरता. माझी वरची फळी आंब्याची आहे.

तोताराम बडगुजर एसटीत कंडक्टर होते. अमळनेर डेपोत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली. अमळनेरलाच बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यांच्यामागे वीस वर्षांनी त्या घराचे स्मारक झाले. मी त्या स्मारकातली मुख्य वस्तू. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर माझा रंगीत फोटो आहे.

तोतारामांना मी कधी पाहिले नाही. त्यांनी मला पाहिले नाही.

पाटी नसलेला भाग

१९७१ साली भुसावळच्या एका सुताराने मला बनवले ते कौतिकसाठी. कौतिक इस्त्रीवाला. रेल्वे कॉलनीच्या कडेला कडुनिंबाखाली त्याची पत्र्याची टपरी होती. इस्त्री उभ्याने करतात, म्हणून मला तीन फूट उंच ठेवले होते. माझ्या अंगावर चार पदरी घोंगडी आणि तिच्यावर पांढरी चादर असे. कोळशाची इस्त्री माझ्यावरून दिवसाला काही कोस चालत असेल.

कपडे बहुतेक गार्डांचे. पांढरे शर्ट, पांढऱ्या पँटी. कौतिकच्या घडीवर माशी बसली तर घसरेल, असे एक गार्डसाहेब सगळ्यांना सांगत. ते माझेही कौतुक आहे असे मी धरून चाललो.

कौतिक सकाळी उभा राही. दुपारी त्याची बायको भिकुबाई उभी राही. संध्याकाळी पुन्हा तो. मी कायम उभा.

१९८३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी भिकुबाईंची धाकटी मुलगी झोळीतून पडली. भिकुबाई धावल्या. इस्त्री होती तिथेच राहिली. पँट जळाली, चादर जळाली, घोंगडी जळाली आणि मग माझी पाळी आली. मुलीला काही झाले नाही. गार्डसाहेब त्या दिवशी जुन्या पँटीवर नागपूरची गाडी घेऊन गेले.

डाग राहिला. होडीसारखा, टोक उत्तरेकडे.

पुढे घराघरांत विजेच्या इस्त्र्या आल्या. कौतिकचे हात थकले. तो गेल्यावर टपरी उठली आणि मी मागच्या अंगणात पडून राहिलो. दोन वर्षे माझ्यावर कोंबड्या बसत. मग सुनेने मला टेंपोत घालून जळगावच्या एका जुन्या सामानवाल्याकडे दिले. भिकुबाई त्या वेळी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला शोधले असेल का, हे मला बरीच वर्षे माहीत नव्हते.

मी सहा इंच कमी कसा झालो

त्या सामानवाल्याच्या दुकानात एक दिवस भिकमचंदजी टेप घेऊन आले. हे अमळनेरचे कापडाचे व्यापारी, वाचनालयाच्या विश्वस्त संस्थेचे अध्यक्ष. माणूस सरळ. तोतारामांची सातही पुस्तके त्यांनी वाचली होती, काही बसमध्येच. स्मारक व्हावे म्हणून चार वर्षे सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. परवानगी मिळाली, खोली रंगवली, आणि त्यांच्या लक्षात आले की घरात टेबलच नाही.

एक ट्रंक होती. एक गादी. खाकी गणवेश, तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, शाईचे दोन पेन.

"लेखक म्हटला की टेबल पाहिजेच, ताई," मला मोजता मोजता ते सोबत आलेल्या इंदिराबाईंना म्हणाले. "टेबल नसेल तर लोक बघतील काय?"

इंदिराबाई म्हणजे तोतारामांची मुलगी. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, आता स्मारकाच्या देखरेखीला. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अक्कांनी तेव्हा तोंड उघडले होते. मी पाहिले. मग मिटले.

खोली सजवायला पुण्याहून एक सजावटकार आला होता. खुर्ची माझ्याजवळ ठेवल्यावर मी बसणाऱ्याच्या छातीपर्यंत येत होतो. त्याने सुतार बोलावून माझे चारही पाय सहा-सहा इंच कापले. डागाकडे पाहून तो खूश झाला. तो अक्कांना म्हणाला की सांगा, लिहिता लिहिता बाबांचे भान हरपले, शेगडीवरचे भांडे तसेच टेबलावर ठेवले. लोकांना असे आवडते.

कापलेल्या चार तुकड्यांपैकी दोन अक्कांच्या फ्रिजखाली आहेत. उरलेले दोन कुठे गेले, माहीत नाही.

सहा वर्षे अक्का येणाऱ्या प्रत्येकाला शेगडीची गोष्ट सांगत. सांगताना त्या माझ्याकडे पाहत नसत. भिंतीकडे पाहत.

साडेचार मिनिटे

खोलीत एकच ट्यूबलाइट आहे. माणसे आली की अक्का ती लावत, गेली की बंद करत. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. मला दुसरे काम नव्हते, म्हणून मी हिशेब ठेवला. ट्यूब सरासरी साडेचार मिनिटे जळत असे.

खोलीत काय होते ते सांगतो. बेचाळीस फोटो. त्यातल्या एकोणचाळीस फोटोंत तोताराम कुणाच्या तरी हातून शाल घेत आहेत. जन्म, नोकरी, पुरस्कार यांच्या तारखांचा एक मोठा तक्ता. काचेच्या पेटीत हस्तलिखिताची वही, तीही सहा वर्षे एकाच पानावर उघडी. 'हात लावू नये' अशा अकरा पाट्या. आणि मी, लाल दोरीच्या आत.

लोक दारातून येत, तक्ता पाहत, माझ्यासमोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढत आणि जात. अभिप्रायाच्या वहीत लिहीत : 'छान.' 'प्रेरणादायी.' 'पंखा हळू आहे.'

जानेवारीत भिकमचंदजी येऊन गेले. पंख्याखाली बसून त्यांनी वही चाळली. ते म्हणाले की गावातली मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागा मागत आहेत, घरात त्यांना कोपरा नाही. महिन्याला वीस माणसेही येत नसतील तर खोली त्यांना अभ्यासिकेसाठी द्यावी असे संस्थेत सगळ्यांचे मत पडते आहे. एकतीस मार्चपर्यंत बघू.

अक्का हो म्हणाल्या. मुलांची गरज खरी आहे, हे त्यांना दिसत होते. ते गेल्यावर त्यांनी ट्यूब बंद केली आणि बराच वेळ दोरीचा डगमगता खांब सरळ करत राहिल्या. हे घर त्यांच्या वडिलांचे शेवटचे ठिकाण होते. पुस्तके आता छापली जात नव्हती. खोली गेली की माणूस गेला.

फेब्रुवारीतला मंगळवार

अमळनेरला मंगळवारी मंगळ ग्रहाच्या देवळात दुरून लोक येतात. त्या मंगळवारी भुसावळहून बायकांचे एक भजनी मंडळ आले होते. दर्शन झाले. परतीची गाडी साडेपाचला. ऊन होते. बसस्थानकाजवळच्या कुणीतरी सांगितले की मागच्या गल्लीत एक खोली आहे, तिथे पंखा आहे आणि माठाचे पाणी मिळते.

अशा रीतीने चौदा बायका साहित्याकडे वळल्या.

अक्कांनी ट्यूब लावली. तारखांचा तक्ता झाला. शाली झाल्या. शेगडीची गोष्ट सुरू झाली, तेवढ्यात एक वयस्क बाई दोरीखालून वाकून आत आल्या. अक्का हात लावू नका म्हणेपर्यंत त्यांनी तळहात डागावर ठेवला होता. हात माझ्या ओळखीचा होता. आता हलका झाला होता.

"हाई टेबल मनं शे," भिकुबाई म्हणाल्या.

म्हणजे, हे टेबल माझे आहे. बोली अहिराणी, पारोळ्याची, माहेरची. पन्नास वर्षे भुसावळला काढूनही ती सुटलेली नाही.

बायका हसल्या. एकीने म्हटले की भिकुबाईला ऊन लागले, पाणी द्या.

"हाऊ डाग मना हातना शे. पोर रडनी, मी उठनू, इस्तरी तठेच ऱ्हायनी." मग त्या वाकल्या आणि माझे पाय पाहू लागल्या. बराच वेळ पाहिले. "पाय कोनी कापात याना?"



भिकुबाईंनी मग सगळे सांगितले. टपरी, कडुनिंब, गार्डसाहेब, झोळी. आपण बाळंतपणाहून परत आलो तेव्हा अंगण मोकळे होते आणि आठ दिवस सुनेशी बोललो नाही, हेही सांगितले. बायका दोरीला रेलून ऐकत होत्या. ज्या मुलीसाठी त्या इस्त्री सोडून धावल्या, ती आता नाशिकला नर्स आहे. मी घड्याळाकडे पाहिले. ट्यूब लावून अकरा मिनिटे झाली होती. एवढा वेळ ती कधी जळली नव्हती.

मग मंडळाच्या प्रमुख वच्छलाबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

"मग अक्का, तुमचे बाबा कुठे लिहायचे?"

अक्कांनी भिंतीकडे पाहिले. तिथे शालीचे फोटो होते. त्यांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ.

"जरा धरता का याला?" त्या म्हणाल्या.

सहा जणींनी मला उचलून भिंतीशी ठेवले. अक्कांनी जाजम गुंडाळले. खाली शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर निळे डाग. काही थेंबांसारखे, काही पुसल्यासारखे, मध्ये एक बशीएवढा. माझे चार पाय सहा वर्षे त्यांच्यावरच उभे होते.

"इथे," अक्का म्हणाल्या. "पालथे पडून. छातीखाली उशी घेऊन."

कुणी हसेल म्हणून त्या थांबल्या. त्यांच्या लहानपणी शेजारच्या मुली हसत असत. तुझे वडील पाल पडावी तसे फरशीवर पडतात, म्हणत. म्हणून टेबल आले तेव्हा त्या गप्प राहिल्या. आता गावाला तरी वाटेल की बाबा खुर्चीत बसत होते. हे सगळे त्या एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

भिकुबाईंना त्यात विशेष काही दिसले नाही.

"दिनभर उभा ऱ्हास तो मानूस," त्या म्हणाल्या. "मना घरना बी असाच पडे."

यावर मात्र सगळ्या हसल्या. अक्काही.

आणि मग मंडळातली एक तरुण बाई, सरिता, पदर खोचून फरशीवर पालथी झाली. कोपरे डागांच्या दोन बाजूंना टेकवली, दाराकडे तोंड केले. "यांना इथून दिसायचं काय? इथून तर नुसतं रबर दिसतंय."

अक्का दाराशी गेल्या, वाकल्या आणि रबरी पट्टी ओढून काढली. सजावटकाराने ती चांगली ठोकली होती, दोनदा ओढावी लागली. दाराखालून चार बोटे उजेड आत आला.

"पाय," सरिता म्हणाली. "नुसते पाय दिसताहेत."

गल्ली बसस्थानकाला जाते. तीन वाजत आले होते, लोक तीन-दहाच्या चोपडा गाडीसाठी निघाले होते. दाराखालून चपला गेल्या, बूट गेले, अनवाणी टाचा गेल्या, एका पिशवीचे बूड गेले. एकेक बाई खाली झाली. खोलीत सहा जणींना पुरेल एवढीच जागा होती, उरलेल्या पाळी लावून उभ्या राहिल्या.

तोतारामांच्या पुस्तकांत माणसांना चेहरे नाहीत. सगळ्यांना पाय आहेत. एका प्राध्यापकांनी यावर साठ पाने लिहिली आहेत आणि त्यात बरीच कारणे दिली आहेत. त्यांना खोलीत येऊन झोपावेसे वाटले नाही, यात त्यांचा दोष नाही. मध्ये दोरी होती.

अक्कांनी काचेची पेटी उघडली, वही काढली आणि सहा वर्षे उघड्या असलेल्या त्याच पानावरून वाचायला लागल्या :

'निळी स्लीपर आली. तिच्यामागे काळे बूट आले. बूट थांबले. स्लीपर थांबली नाही. चार पावले जाऊन मग थांबली, पण वळली नाही. बुटांनी जागच्या जागी एकदा टाच उचलली आणि टेकवली. तेवढ्यात गाडी लागली.'

"पुढे?" फरशीवरून आवाज आला.

अक्कांनी पान उलटले.

साडेपाचची गाडी त्या बायकांनी सोडली. सातच्या गाडीने गेल्या. त्या दिवशी ट्यूब तीन तास दहा मिनिटे जळली.

भिकमचंदजी आडवे होतात

दुसऱ्या दिवशी अक्कांनी भिकमचंदजींना बोलावले आणि उभ्याउभ्याच सांगितले की बाबांना टेबलच नव्हते, हे टेबल त्यांचे आहे असे मी सहा वर्षे खोटे बोलले. त्यांनी पाटीही काढून ठेवली होती.

भिकमचंदजींचा चेहरा उतरला. टेबल त्यांनीच आणले होते. ते बाजारातून आणलेले होते हे त्यांना माहीत होते. पण त्यांचा समज असा होता की तोतारामांचे असेच एखादे टेबल असणार आणि ते पुढे मोडले असणार. टेबलच नव्हते, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. माहितीपत्रके छापून झालेली. लोक म्हणतील संस्थेने फसवले.

"तुम्ही तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, ताई."

"लाज वाटली, भाऊ."

"बाबांची?"

अक्कांनी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मला नीट दिसले नाही.

मग त्या म्हणाल्या की खोली मुलांना द्यायची तर द्या, पण एकदा इथे आडवे होऊन बघा. भिकमचंदजी चौऱ्याहत्तर वर्षांचे. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ते आधी माझ्या कडेला धरून खाली बसले, मग एका कुशीवर, मग पालथे. त्यांचा पांढरा सदरा फरशीवर पसरला. चष्मा सरकला. बराच वेळ ते दाराखाली पाहत होते.

"जिनल आली," ते अचानक म्हणाले.

जिनल म्हणजे त्यांची नात. खरेच बाहेर स्कूटी थांबली होती.

"डावा बूट घासत चालते ती," भिकमचंदजी फरशीवरूनच म्हणाले. "हे मला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं."

आजोबांना तसे पडलेले पाहून जिनल घाबरली. तिला सगळे समजावून सांगण्यात पंधरा मिनिटे गेली, आणि मग तीही आडवी झाली. भिकमचंदजींना उठवायला दोघी लागल्या.

आता

संस्थेने एक वर्ष मुदत वाढवली आहे. पुढचे माहीत नाही. सकाळी सहा ते दहा खोली अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना दिली आहे, त्यानंतर स्मारक उघडते. दोरी आणि खांब माळ्यावर गेले. अकरापैकी दहा पाट्या काढल्या. अकरावी वहीजवळ आहे, कारण तिची पाने खरोखर फाटायला आली आहेत. फरशीवर दोन उशा आहेत. शालीच्या फोटोंपैकी तीन ठेवले.

मी आता भिंतीशी आहे. सकाळी माझ्यावर पुस्तके असतात. सहा इंच कमी झाल्यामुळे मी अभ्यासाला अगदी बरोबर उंचीचा आहे, हे मान्य करावे लागेल. दहानंतर माझ्यावर अभिप्रायाची वही असते. अलीकडच्या काही नोंदी : 'माझ्या बाबांच्या टाचा मी पहिल्यांदा पाहिल्या.' 'उशी कडक आहे.' 'पुस्तक कुठे मिळेल?' शेवटचा प्रश्न दर आठवड्याला एकदा तरी येतो.

माझ्या पुढ्यात अक्कांनी हाताने लिहिलेले कार्ड आहे : 'हे टेबल तोताराम बडगुजर यांचे नाही. हे भुसावळचे कौतिक व भिकुबाई यांचे इस्त्रीचे टेबल आहे. डाग भिकुबाईंचा. पाय आम्ही कापले.' लोक माझ्यासमोर पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात आणि डागावर तळहात ठेवतात. हात लावायला आता हरकत नाही.

भिकुबाईंना मला परत न्यायचे आहे का, असे अक्कांनी फोनवर विचारले होते. त्या म्हणाल्या, राहू दे, माझ्या घरी त्याला काय काम आहे. पोळ्यानंतर येऊन बघून जाईन, पायांना तेल लावा.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. कुठल्याही लेखकाच्या घरी गेलात तर आम्हा टेबलांसमोर फार वेळ काढू नका. आमच्यातले कोण खरे, कोण आणलेले, हे आम्हाला सांगता येत नाही. आधी विचारा, त्यांना इथून काय दिसायचे. आणि ती जागा झाडताना, रंगवताना, जपताना जरा हळू. धूळ येते म्हणून फट बुजवायच्या आधी एकदा खाली वाकून बघा. आणि जुन्या वस्तूंचे पाय कापू नका, एवढे माझ्यातर्फे.

तोताराम बडगुजर १९९८ च्या मार्चमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या दोन्ही कोपरांना घट्टे होते.